सांगणारे मीटर, ऐकणारे मीटर: लखनौच्या अनुभवावरून जोडलेल्या उपकरणांचा आणि खासगीपणाचा विचार

या टिपणात काय पाहायचे आहे

इंटरनेटला किंवा मोबाइल नेटवर्कला जोडलेली उपकरणे आता घराघरांत आहेत. स्मार्ट टीव्ही, दारावरचा कॅमेरा, मनगटावरचे घड्याळ, बोलून चालणारा स्पीकर, विजेचे मीटर ही त्यांतली रोजची उदाहरणे. या उपकरणांमुळे खासगीपणाला येणाऱ्या अडचणी शिकवताना बहुतेक अभ्याससाहित्यात एक ठरलेली यादी दिली जाते: पासवर्ड बदला, अटी वाचा, नको त्या परवानग्या बंद करा, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा. यादी चुकीची नाही, पण अपुरी आहे, आणि ती कुठे अपुरी पडते हे तपासणे हा या टिपणाचा हेतू आहे. त्यासाठी आपण मुख्यतः एकच उपकरण घेणार आहोत, ते म्हणजे विजेचे स्मार्ट मीटर. आणि एकच शहर, लखनौ. महाराष्ट्रातील वाचकाला ते दूरचे वाटण्याचे कारण नाही. तिथे जे आधी घडले त्याचे प्रश्न आता आपल्याही भिंतीवर येऊन लागले आहेत.

हे टिपण वाचल्यावर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी सांगता याव्यात:
(अ) स्मार्ट मीटर घराबद्दल काय काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही;
(आ) 'गोपनीयता' आणि 'खासगीपणा' यांत फरक काय;
(इ) संमती हा एकच निकष अशा उपकरणांना का पुरत नाही;
(ई) एखादे उपकरण तपासताना कोणते प्रश्न विचारावेत.

१. प्रसंग: १२ ऑगस्ट २०२०

त्या दिवशी जन्माष्टमी होती. लखनौसह उत्तर प्रदेशातील अनेक शहरांत काही घरांची वीज एकाएकी गेली. वादळ नव्हते, तार तुटली नव्हती, डीपी उडाली नव्हती. एका घरात अंधार आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात दिवे चालू, असे चित्र होते. अंधारातल्या घरांत एक गोष्ट समान होती: तिथे स्मार्ट मीटर बसवलेले होते. मध्यवर्ती यंत्रणेतून या मीटरांना 'पुरवठा तोडा' अशी आज्ञा चुकीने गेली आणि मीटरांनी ती पाळली. एक लाखाहून अधिक ग्राहकांना याचा फटका बसला. त्यांत बिल वेळेवर भरणारेही होते. राज्य सरकारने चौकशी विशेष कृती दलाकडे सोपवली आणि नवे स्मार्ट मीटर बसवण्याचे काम थांबवले.

या घटनेची चर्चा झाली ती दोन अंगांनी. एक, तांत्रिक चूक कोणाची? दोन, ग्राहकांच्या गैरसोयीला जबाबदार कोण? दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. पण तिसरा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही: एका ठिकाणाहून दिलेली आज्ञा एकाच वेळी लाखाहून अधिक घरांत पोहोचू शकते, अशी रचना मुळात कोणी, कोणाला विचारून मान्य केली?

हा प्रश्न खासगीपणाच्या धड्यात कशासाठी, असे विद्यार्थ्याला वाटेल. माहिती तर कोणी चोरली नव्हती. कारण असे की, ज्या मार्गाने मीटर आपल्या घराची माहिती बाहेर पाठवते, त्याच मार्गाने बाहेरची आज्ञा आत येते. जे यंत्र सांगू शकते, ते ऐकूही शकते. 'माहिती बाहेर जाणे' आणि 'ताबा बाहेर जाणे' या दोन गोष्टी आपण अभ्यासात वेगळ्या शिकवतो. प्रत्यक्षात त्या एकाच तारेची दोन टोके आहेत.

२. मीटर काय सांगते?

जुन्या मीटरचे रीडिंग महिन्यातून एकदा घेतले जाई. म्हणजे वर्षाला बारा आकडे. स्मार्ट मीटर सामान्यतः दर अर्ध्या तासाचा वापर नोंदवते, काही ठिकाणी दर पंधरा मिनिटांचा. अर्ध्या तासाने नोंद म्हणजे दिवसाला ४८ आणि वर्षाला १७,५२० आकडे. पंधरा मिनिटांनी नोंद झाली तर वर्षाला ३५,०४०. हे आकडे रेडिओ लहरींनी किंवा मोबाइल नेटवर्कने आधी संकलन यंत्रणेत आणि तिथून माहिती साठवणाऱ्या सर्व्हरवर जातात.

आकडे फक्त युनिटचेच असतात, मग त्यांतून काय कळणार? या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांनी बरेच आधी दिले आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकात अशी पद्धत विकसित केली की घराच्या एकूण वीजवापराच्या आलेखावरून आत कोणते उपकरण कधी चालू झाले हे ओळखता यावे. प्रत्येक उपकरणाची विजेची एक ठेवण असते. फ्रीजचा कॉम्प्रेसर ठरावीक वेळाने चालू-बंद होतो. गीझर दोन हजार वॉटच्या आसपास एकदम खेचतो आणि थोड्या वेळाने थांबतो. हीच पद्धत पाळतीसाठी वापरता येईल, हा इशाराही हार्ट यांनी स्वतःच १९८९ मधील एका लेखात दिला होता. म्हणजे धोका नंतर कोणाच्या लक्षात आला असे नाही. शोधाबरोबरच तो लिहून ठेवलेला होता.

इथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. हार्ट यांची पद्धत फार कमी अंतराने घेतलेल्या नोंदींवर चालते. अर्ध्या तासाच्या बेरजेवरून घरात टीव्ही चालू होता की पंखा, हे ठामपणे सांगता येत नाही. 'मीटरला सगळे कळते' असे म्हणणारे लेख या बाबतीत वाचकाची दिशाभूल करतात. पण अर्ध्या तासाच्या नोंदीही थोड्या नाहीत. लखनौचीच काही उदाहरणे घेऊ.

चौक किंवा अमीनाबाद भागातले एखादे घर. वर्षातले अकरा महिने पहाटे चारच्या आधी वापर अगदी कमी आणि एक महिना रोज त्याच वेळी दिवे, पंखा, पाण्याचा पंप. त्या घरात सेहरीसाठी उठतात, हे अनोळखी माणसालाही आकड्यांवरून सांगता येईल. कोणत्याही अर्जात धर्म विचारलेला नाही, तरी तो कळला.

अलीगंजमध्ये भाड्याने खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी. मीटर घरमालकाच्या नावावर, ॲप घरमालकाच्या फोनमध्ये. ती रात्री किती वाजता परत आली, सुट्टीत खोली किती दिवस बंद होती, हे त्याला दारावर न जाता दिसू शकते.

एखाद्या घरात आजारी माणसासाठी ऑक्सिजनचे यंत्र दिवसरात्र चालते. आधीच्या महिन्यांत नसलेला काहीशे वॉटचा सलग वापर एका तारखेपासून सुरू होतो आणि एका तारखेला थांबतो. त्या दोन तारखांचा अर्थ लावायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

या तिन्ही उदाहरणांत कोणी 'गुपित' सांगितलेले नाही. राहण्याची रीत तेवढी उमटली आहे.

३. 'गोपनीयता' आणि 'खासगीपणा'

मराठीत या विषयावर लिहिताना हे दोन शब्द सरसकट एकमेकांच्या जागी वापरले जातात. अभ्यासकाने ते वेगळे ठेवावेत.

गोपनीयता म्हणजे मिळालेली माहिती तिसऱ्याला न देण्याची हमी. बँक, दवाखाना, वकील यांच्याकडून आपण ती अपेक्षितो. इथे माहिती दिली गेलेली आहे, हे गृहीतच आहे. खासगीपणा त्याच्या आधी येतो. माहिती मुळात घ्यावी का, किती बारीक घ्यावी, घरात कोणाचे पाऊल पडावे आणि कोणाचा हात पोहोचावा, हे ठरवण्याचा आपला अधिकार म्हणजे खासगीपणा.

उपकरणे विकणारे आणि बसवणारे जवळजवळ नेहमी एकच वाक्य सांगतात: आपली माहिती गोपनीय ठेवली जाईल. हे वाक्य खरे असले तरी ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. आपण विचारतो, 'दर अर्ध्या तासाचा आकडा कशाला हवा?' उत्तर मिळते, 'तो कुलपात ठेवू.' कुलूप चांगले असेलही, पण पेटी भरायची का, हा प्रश्न तसाच राहतो. १२ ऑगस्टच्या घटनेत तर गोपनीयता जराही भंगली नव्हती. एकही आकडा बाहेर फुटला नाही. तरीही लोकांच्या घरात न विचारता हात घातला गेला. केवळ गोपनीयतेच्या चौकटीत पाहणाऱ्याला या घटनेत खासगीपणाचा प्रश्न दिसतच नाही, याचे कारण हे.

४. संमती कोणाची?

जोडलेल्या उपकरणांवरच्या प्रचलित मांडणीत एक चित्र गृहीत धरलेले असते. एक माणूस उपकरण विकत घेतो, अटी वाचतो, 'मान्य आहे' हे बटण दाबतो आणि वापरतो. विकत घेणारा, वापरणारा आणि मोजला जाणारा असा तिघांचा मिळून एकच माणूस. फोनच्या बाबतीत हे चित्र बऱ्याच अंशी खरे आहे. स्मार्ट मीटरच्या बाबतीत ते प्रत्येक पायरीवर मोडते.

मालकापासून सुरुवात करू. ज्या पद्धतीने देशात ही मीटर बसवली जात आहेत, तिच्यात खासगी सेवा पुरवठादार स्वतःच्या भांडवलाने मीटर बसवतो, काही वर्षे चालवतो आणि शेवटी वितरण कंपनीकडे हस्तांतरित करतो. म्हणजे मीटर आपल्या भिंतीवर, पण मालकी दुसऱ्याची. त्यात बदलण्यासारखा पासवर्ड ग्राहकाकडे नाही, बंद करण्यासारखी परवानगी नाही. सुरुवातीला सांगितलेली सल्ल्यांची यादी इथे एका ओळीचीही लागू पडत नाही.

आता वापरणारा. वीज जोडणी एकाच्या नावावर असते, घरात राहतात पाचसहा जण. भाडेकरू, सून, आजी, घरकामाला येणाऱ्या बाई, या कोणालाही कोणी काही विचारलेले नसते. शिवाय त्यांचा वापर एकाच आकड्यात मिसळलेला असतो. त्यातला माझा वाटा पुसा, असे भाडेकरू म्हणू शकत नाही.

आणि नकार. पूर्ण मोबदला देऊन वस्तू न घेण्याचा पर्याय बाजारात असतो. विजेला तो नाही. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५५ नुसार मीटरशिवाय वीज देता येत नाही, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या मीटरविषयक नियमांतील २०१९ च्या दुरुस्तीने नव्या जोडण्यांसाठी आगाऊ भरण्याची सोय असलेल्या स्मार्ट मीटरची दिशा ठरवून दिली. 'नको असेल तर घेऊ नका' याचा अर्थ इथे 'अंधारात राहा' असा होतो. अशा ठिकाणी संमती हा शब्द वापरणे म्हणजे त्या शब्दाचा मान कमी करणे होय.

हा दोष फक्त मीटरचा नाही. जानेवारी २०२१ मध्ये लखनौ पोलिसांनी जाहीर केले की, शहरात महिलांना त्रास होण्याच्या सुमारे २०० जागांवर चेहऱ्यावरचे भाव ओळखणारे कॅमेरे बसवले जातील. बाई संकटात दिसली की तिने फोन करण्याआधीच जवळच्या पोलिसांना सूचना जाईल, अशी कल्पना होती. हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. पण चेहऱ्यावरून भावना खात्रीने ओळखता येते, या समजालाच पुरेसा शास्त्रीय आधार नाही. लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये घेतलेल्या संशोधनाच्या आढाव्यात हे स्पष्ट मांडले आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, ज्या बाईच्या नावाने योजना आखली, तिच्याकडे या व्यवस्थेत एकही कळ नाही. ती उपकरणाची मालक नाही, वापरणारीही नाही. ती फक्त मोजली जाणारी आहे. भांडून घरातून निघालेली, परीक्षेच्या काळजीत असलेली किंवा उन्हाने कपाळाला आठ्या पडलेली बाई रस्त्याने जाताना आता चेहराही सांभाळून चालणार का?

आपल्याकडे नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या हातात जीपीएस घड्याळे बांधली, तेव्हाही रचना हीच होती. मालक महापालिका, पाहणारे कार्यालय, मोजला जाणारा कामगार. ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर पाऊल पडले की पगार कापला जाण्याची धास्ती त्याला. चंडीगडमध्ये अशाच घड्याळांतील कॅमेऱ्याची आणि माइकची भीती महिला कामगारांनी बोलून दाखवली होती: स्वच्छतागृहात जाताना याचे काय करायचे? ज्याच्याकडे नकार देण्याची ताकद कमी, त्याच्यावर उपकरण आधी बांधले जाते, असे या उदाहरणांवरून दिसते.

५. कायदा कुठपर्यंत पोहोचतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला. राज्याला या अधिकारात हस्तक्षेप करायचा असेल तर तीन गोष्टी हव्यात: कायद्याचा आधार, योग्य हेतू, आणि हेतूच्या मानाने बेताचे साधन. यातली तिसरी अट आपल्या विषयाला सर्वांत उपयोगी आहे. महिन्याचे बिल करायला महिन्याची बेरीज पुरते. वेळेनुसार वेगळा दर लावायचा असेल तर त्या त्या वेळेच्या बेरजा पुरतात. प्रत्येक अर्ध्या तासाचा स्वतंत्र आकडा, ग्राहकाच्या नावासकट, वर्षानुवर्षे ठेवण्याची गरज त्यातून सिद्ध होत नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ हा नंतरचा टप्पा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, असे कलम ६ सांगते. शब्द उत्तम आहेत. पण मीटरच्या संदर्भात तीन फटी दिसतात.

पहिली फट: कायदा व्यक्तीला ओळखतो, कुटुंबाला नाही. सहा जणांच्या एका आकड्यावर हक्क कोणाचा, याचे सरळ उत्तर त्यात नाही.

दुसरी फट: कलम ७ मध्ये संमतीविना माहिती वापरण्याचे काही वैध उपयोग दिले आहेत, त्यांत शासनाने अनुदान, लाभ किंवा सेवा देण्याचा समावेश आहे. सरकारी वितरण कंपनीची वीज त्यात कितपत बसते, हा अर्थ लावण्याचा प्रश्न आहे, आणि कायद्याचा अर्थ संदिग्ध असतो तेव्हा तो बहुधा ज्याच्या हाती यंत्रणा त्याच्या सोयीने लावला जातो.

तिसरी फट: एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला हा कायदा लागूच नाही. घरमालकाने भाडेकरूचा आलेख पाहिला, सासऱ्यांनी बैठकीतल्या कॅमेऱ्यातून सुनेवर नजर ठेवली, तर या कायद्याचे दार बंद होण्याची शक्यता मोठी. इथे न्यायालयांनी काही आधार दिला आहे. एकाच घरात राहणाऱ्या नातेवाइकांच्या वादात कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले की, राहत्या भागात इतर रहिवाशांच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवता येणार नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. हा आधार माहिती संरक्षणाच्या कायद्यातून नव्हे, तर घटनेतील अधिकारातून आला, हे लक्षात घ्यावे.

पुन्हा लखनौकडे येऊ. विद्युत अधिनियमाच्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. हे कलम लिहिले गेले तेव्हा वीज तोडायला माणूस शिडी घेऊन येत असे. त्याला दार वाजवावे लागे, त्याच्याशी बोलता येई, पावती दाखवता येई, चूक असेल तर शेजारी जमत. सूचनेचा नियम कागदावर आजही आहे, पण त्याला रोजच्या व्यवहारात पाळायला लावणारी ती अडचण मीटरने काढून टाकली. शिडी लागत नाही, म्हणून थांबणेही लागत नाही. खासगीपणाचे बरेचसे संरक्षण कायद्याने नव्हे, तर अशा साध्या अडचणींनी केलेले होते. तंत्रज्ञानाने अडचण दूर केली की तेवढे संरक्षण कायद्यात मुद्दाम लिहावे लागते. लखनौत ते लिहिण्याआधीच अडचण दूर झाली.

६. दुसरी बाजू

टीकेने दुसरी बाजू झाकू नये. वीजचोरी आणि गळती हे उत्तर भारतातले जुने दुखणे आहे. त्याचा भार प्रामाणिक बिल भरणाऱ्यावरच पडतो. घरी न येताच अंदाजे टाकलेले रीडिंग, त्यावरून आलेले अव्वाच्या सव्वा बिल आणि ते कमी करून घेण्यासाठी कचेरीतल्या खेपा, हा अनुभव लखनौत आहे आणि विदर्भातही. मीटरने नोंद आपोआप पाठवली तर हा त्रास कमी होतो. सौरऊर्जेचा वाटा वाढत असताना दिवसाच्या कोणत्या वेळी किती मागणी आहे, हे वितरण कंपनीला कळणेही आवश्यक आहे.

हे सर्व मान्य करूनही प्रश्न उरतो, कारण यातला एकही फायदा घराघराच्या बारीक नोंदीवर अवलंबून नाही. गळती शोधायला गल्लीच्या डीपीवरचे मीटर आणि तिच्यावरच्या घरांची एकूण बेरीज यांची तुलना लागते. मागणीचा अंदाज फीडरवरून येतो. बिलाला बेरीज पुरते. बारीक नोंद मीटरमध्येच ठेवून, ग्राहकाने तक्रार केली तरच ती उघडता येईल, अशी रचना करणे तंत्राच्या दृष्टीने अवघड नाही. म्हणजे निवड 'स्मार्ट मीटर की जुने मीटर' अशी नाही. कोणत्या प्रकारचे स्मार्ट मीटर, ही खरी निवड आहे. आणि ती निवड निविदेच्या कागदांत झाली, लोकांसमोर झाली नाही.

इतरत्र ही निवड उघडपणे झाली आहे. नेदरलँड्समध्ये स्मार्ट मीटर सक्तीचे करणारे विधेयक २००९ मध्ये वरिष्ठ सभागृहात अडले. खासगी जीवनाच्या अधिकाराशी ते सुसंगत नाही, हा आक्षेप त्यात मुख्य होता. नंतरच्या दुरुस्तीत ग्राहकाला मीटर नाकारण्याचा किंवा त्याचे दूरस्थ वाचन बंद ठेवण्याचा पर्याय मिळाला. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील नेपरविल शहराच्या प्रकरणात अपील न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले की, पंधरा मिनिटांच्या नोंदी गोळा करणे ही घटनेच्या अर्थाने घराची झडतीच आहे. ती झडती वाजवी ठरते, कारण हेतू गुन्हा शोधण्याचा नाही. नोंदी अधिक बारीक झाल्या किंवा पोलिसांच्या हाती सहज जाऊ लागल्या तर उत्तर बदलू शकेल, असाही इशारा न्यायालयाने दिला. दोन्ही ठिकाणी मीटर बसलीच. पण आधी 'हे घरात शिरणे आहे' हे मान्य केले गेले, मग मर्यादा आखल्या गेल्या.

महाराष्ट्रात २०२४ मध्ये आगाऊ भरण्याच्या स्मार्ट मीटरला मोठा विरोध झाला आणि त्या वर्षी जूनमध्ये सर्वसामान्य ग्राहकांना ही मीटर बसवणार नाही, असे सरकारला जाहीर करावे लागले. त्या विरोधात दर, आगाऊ पैसे आणि मीटर रीडिंग घेणाऱ्यांच्या नोकऱ्या यांवर भर होता. खासगीपणाचा मुद्दा मागेच राहिला. त्यामुळे आगाऊ भरण्याची अट काढून टाकली की आक्षेप संपला, असा समज झाला. नोंद आणि कळ यांचा प्रश्न, पैसे आधी घ्या की नंतर घ्या, तसाच राहतो.

७. चार निकष

कोणतेही जोडलेले उपकरण तपासताना संमतीच्या आधी हे चार प्रश्न विचारावेत.

किती बारीक? कामासाठी जेवढी नोंद लागते त्याहून बारीक नोंद बाहेर जाते का?

किती दिवस? नोंद कधी पुसली जाते, आणि पुसली गेली हे कोण तपासते?

कळ कोणाच्या हाती? बाहेरून आज्ञा देता येते का? एकाच वेळी किती घरांना देता येते? लखनौच्या घटनेनंतर हा प्रश्न कुठल्याही यादीत पहिला असायला हवा. एका वेळी ठरावीक संख्येपेक्षा जास्त घरे तोडता येणार नाहीत, आणि दोन अधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय आज्ञा सुटणार नाही, एवढे दोन नियम असते तरी जन्माष्टमीच्या दिवशी चूक चार घरांतच अडली असती.

मोजला जाणारा 'नाही' म्हणाला तर? त्याचे काय बिघडते? वीज, पगार किंवा रस्त्याने चालण्याची मुभा पणाला लागत असेल, तर त्याच्या सहीला संमती म्हणू नये.

सारांश

खासगीपणा म्हणजे गुपित राखणे एवढाच अर्थ घेतला तर जोडलेल्या उपकरणांचा धोका अर्धाच दिसतो. लखनौच्या मीटरांनी दाखवले की, एकही माहिती न फुटता घरावरचा ताबा जाऊ शकतो. त्यामुळे ग्राहकाला 'सावध राहा' असे सांगून भागत नाही. ज्याच्या हाती कळ आहे, त्याच्यावर मर्यादा घालणे हे खासगीपणाच्या शिक्षणाचे आणि कायद्याचेही पहिले काम आहे. शिडी घेऊन येणाऱ्या माणसाला दार वाजवावे लागत असे. दुरून येणाऱ्या आज्ञेलाही ते वाजवावे लागेल, अशी व्यवस्था करता येते. ती मागावी लागते.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील एक जोडलेले उपकरण निवडा. त्याचा मालक कोण, वापरणारे कोण आणि मोजले जाणारे कोण, याचा तक्ता करा. तिन्ही रकान्यांत एकच नाव येते का?

२. 'आपली माहिती गोपनीय ठेवली जाईल' हे वाक्य कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आणि कोणत्या प्रश्नाचे देत नाही, ते उदाहरणासह लिहा.

३. एका दिवसात दर अर्ध्या तासाने घरात कोणती विजेची उपकरणे चालू होती, याची नोंद ठेवा. ती नोंद अनोळखी माणसाच्या हाती गेली तर त्याला तुमच्या घराबद्दल काय कळेल? त्यातले काय कळू नये, असे तुम्हाला वाटते?

४. चेहऱ्यावरचे भाव ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांची योजना चार निकषांवर तपासा. महिलांच्या सुरक्षिततेचा हेतू कायम ठेवून तिच्यात कोणते बदल सुचवाल?